हॅरल्डचे हात आणि आयझॅकचे डोळे

रात्र झालीये, घरातले सगळे झोपलेत, आणि होमर त्याच्या लहानपणापासूनच्या मैत्रिणीला, विल्माला, वर स्वतःच्या खोलीत घेऊन जातो. तिला त्याच्याशी लग्न करायचंय, पण तो म्हणतो आधी हे बघ आणि मग ठरव. तो खांद्यावरचे पट्टे सैल करतो, हातांच्या जागी लावलेले दोन्ही हुक पट्ट्यांसकट काढून पलंगावर ठेवतो, कसाबसा पायजम्याच्या शर्टात शिरतो आणि सांगतो की आता याची बटणं मला लावता येणार नाहीत, आणि हे दार वाऱ्याने बंद झालं तर ते उघडून मला बाहेरही पडता येणार नाही, तान्ह्या बाळासारखी गत होते माझी. विल्मा शांतपणे पुढे होते आणि बटणं लावते.

१९४६ चा ‘द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ज’ नावाचा सिनेमा आहे, त्यातला हा सीन. दुसऱ्या महायुद्धातून तीन अमेरिकन सैनिक एकाच गावात परत येतात आणि पुढे काय होतं, एवढीच गोष्ट. होमरचं काम करणारा हॅरल्ड रसेल हा ॲक्टर नव्हता, आणि त्याचे हात खरोखरच गेलेले होते.

मी हा सीन पहिल्यांदा बघितला तेव्हा मला आमच्या आजोळचे फौजीमामा आठवले. आईचे चुलतभाऊ, एकाहत्तरच्या लढाईत सुरुंगावर पाय पडला, गुडघ्याखालचा पाय गेला, मग पुण्याच्या आर्टिफिशियल लिम्ब सेंटरमधून त्यांना नवा, कृत्रिम पाय मिळाला. दिवसा मामा इतके ताठ चालायचे की नवख्या माणसाला कळायचंही नाही. पण आम्ही पोरं उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथे झोपायचो तेव्हा रात्री तो पाय खाटेशेजारी भिंतीला टेकवून उभा असायचा, मोजा आणि बूट तसाच चढवलेला, आणि मामी रोज संध्याकाळी तुटलेल्या पायावर घालायचा लोकरी मोजा हाताने धुवून मागच्या दोरीवर टाकायच्या. तो मोजा ओला राहिला तर जखम व्हायची, म्हणून पावसाळ्यात चुलीजवळ वाळवायच्या. मामांच्या शौर्याबद्दल गावात भाषणं पुष्कळ झाली, पण त्या मोज्याबद्दल कुणी कधी बोललं नाही, आणि मी इतके हिंदी-मराठी सिनेमे बघितले त्यात एकातही मला तो मोजा दिसला नाही. तो मला दिसला जवळपास ८० वर्षांपूर्वीच्या एका ब्लॅक अँड व्हाइट अमेरिकन सिनेमात, पायाच्या जागी हात होते एवढाच काय तो फरक.

म्हणून डायव्हर्सिटी आणि रिप्रेझेंटेशन या विषयावर वाद सुरू झाला की मी याच सिनेमाकडे येते. आपल्याकडे या विषयावर लगेच दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते की सिनेमा म्हणजे काय सरकारी नोकरी आहे का कोटा भरायला, चांगला ॲक्टर घ्या आणि मोकळे व्हा. दुसरी मोजायला बसते, किती बायका, किती दलित, किती मुस्लिम, किती दिव्यांग, आणि आकडा जुळला की समाधान. मला दोन्ही पटत नाही. माझं म्हणणं असं आहे की कोणाला पडद्यावर आणलं आणि कोणाला गाळलं हा सिनेमाच्या खरेपणाचाच प्रश्न आहे, पटकथा कशी लिहिली, कॅमेरा कुठे ठेवला हे जसं कारागिरीत मोडतं तसंच हेही मोडतं. आणि हा एकच सिनेमा या दोन्ही गोष्टी दाखवतो, खरा माणूस आणला तिथे तो किती उंच जातो आणि माणसं गाळली तिथे किती मोठं खोटं बोलून जातो.

आधी रसेलचं सांगते. ६ जून १९४४, म्हणजे तिकडे फ्रान्समध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरत होतं त्याच दिवशी, हा अमेरिकेतच नॉर्थ कॅरोलायनाच्या एका कॅम्पमध्ये ट्रेनिंग देत होता, हातातली स्फोटकं फुटली आणि दोन्ही हात गेले. नंतर सैन्याने अशा जखमी जवानांसाठी एक छोटा माहितीपट केला त्यात तो होता, आणि तो माहितीपट दिग्दर्शक विल्यम वायलरच्या बघण्यात आला. ज्या पुस्तकावरून सिनेमा होणार होता त्यात होमरला मेंदूची दुखापत असते, हातपाय ताब्यात राहत नाहीत. वायलरला वाटलं की हे कुठल्याही ॲक्टरने केलं तरी ते नक्कल वाटेल, म्हणून त्याने पात्राचं दुखणंच बदललं आणि रसेलला घेतलं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण सहसा उलट होतं, स्क्रिप्ट पक्कं असतं आणि माणसाला त्यात कोंबतात. पुढे निर्माता सॅम्युएल गोल्डविनने रसेलला अभिनयाच्या क्लासला घातलं तर वायलर चिडला, म्हणाला मला हा जसा आहे तसाच पाहिजे.

आणि त्याचा परिणाम पडद्यावर दिसतो. पहिल्या दिवशी टॅक्सीतून तिघं गावात येतात, सगळ्यात आधी होमरचं घर येतं, तो उतरतो, आईवडील धावत येतात, विल्मा येऊन मिठी मारते आणि त्याचे हात नुसते खाली लोंबत राहतात. निघालेल्या टॅक्सीतल्या मित्रांना निरोप द्यायला तो सहज हुक वर करतो, आणि आईला पहिल्यांदा ते दिसतात आणि तिच्या तोंडून हुंदका फुटतो. टॅक्सीतले दोघं बोलतात, नेव्हीने पोराला हुक वापरायला छान शिकवलंय, तर दुसरा म्हणतो पण आपल्या पोरीला जवळ घ्यायला, तिच्या केसांवरून हात फिरवायला नाही शिकवू शकले. यात रडवण्यासाठी वेगळं काहीच केलेलं नाहीये. तो काडी ओढतो, ग्लास उचलतो, हुकने पियानोवर सूर वाजवतो, आणि बघणाऱ्याचं लक्ष हळूहळू हुकवरून माणसाकडे जातं. चांगला ॲक्टर असता तर त्याने ‘हात नसणं’ दाखवलं असतं, रसेल नुसता राहतो तिथे.

रसेलला या एकाच भूमिकेसाठी दोन ऑस्कर मिळाले, एक सहाय्यक अभिनेत्याचं आणि एक खास, सोबतच्या सैनिकांना उमेद दिली म्हणून. मेरिटवाल्यांनी याचं उत्तर द्यावं, कारण त्या वर्षी अभिनयात अख्ख्या हॉलिवूडला मागे टाकणारा माणूस हा असा होता. पण लगेच दुसरी गोष्टही सांगायला हवी. सिनेमा झाल्यावर वायलरनेच त्याला सल्ला दिला की कॉलेजात परत जा, हात नसलेल्या माणसाला या धंद्यात फार काम नाही. तो गेलाही कॉलेजात. म्हणजे दार एका माणसापुरतं, एका सिनेमापुरतं उघडलं आणि बंद झालं. पुढे युद्धातून जायबंदी होऊन आलेल्या सैनिकांवर हॉलिवूडने एकाहून एक सिनेमे केले, १९५० मध्ये मार्लन ब्रँडो व्हीलचेअरवर बसला, १९७८ च्या ‘कमिंग होम’साठी जॉन व्हॉइटला ऑस्कर मिळालं, १९८९ च्या ‘बॉर्न ऑन द फोर्थ ऑफ जुलै’साठी टॉम क्रूझला नॉमिनेशन मिळालं, सगळे धडधाकट नट. वाईट कामं नाहीयेत ती, ब्रँडो तर खऱ्या रुग्णांबरोबर हॉस्पिटलच्या वॉर्डात राहिला होता, आणि त्यातले कित्येक रुग्ण त्या सिनेमात आहेत. पण ते मागच्या खाटांवर आहेत आणि पुढची खाट ब्रँडोची आहे.

आणि हे काही फक्त तिकडचं नाही. आपल्या सांगली जिल्ह्यातल्या पेठचे मुरलीकांत पेटकर, ईएमईचे म्हणजे सैन्याच्या यंत्रं सांभाळणाऱ्या विभागाचे जवान, पासष्टच्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखालचं शरीर लुळं पडलं, आणि १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्गला पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलला भारताचं पहिलं सुवर्णपदक आणलं. ४६ वर्षांनी, २०१८ साली, पद्मश्री मिळाली. २०२४ च्या जूनमध्ये त्यांच्यावर ‘चंदू चॅम्पियन’ आला, हिंदीत, आणि काम केलं कार्तिक आर्यनने. त्याने मेहनत घेतली, शरीर घडवलं, पोहायला शिकला, हे मान्यच आहे. आणि यावरचं नेहमीचं उत्तरही मला माहितीये की जखमी होण्याआधीचं आयुष्य पण दाखवायचं असतं, मग पळणारा पेटकर कोण करणार, आणि स्टार नसेल तर पैसा कोण लावणार. ही उत्तरं खोटी नाहीत. पण सिनेमात एकाच पात्राचं लहानपण, तरुणपण, म्हातारपण वेगवेगळे नट करतात ते आपण शंभर वर्षं डोळे मिटून मान्य करत आलोय, मग जखमी झाल्यानंतरचा माणूस वेगळ्या नटाने केला तर प्रेक्षकाला का नाही कळणार? पुण्यात खडकीला पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर १९७४ पासून आहे, तिथे व्हीलचेअरवरचे जवान राहतात, खेळतात, काम शिकतात. त्यांच्यातल्या एखाद्याला कॅमेऱ्यासमोर बसवून बघावं, एवढंच मी म्हणतेय. त्याच २०२४ च्या जुलैत सुप्रीम कोर्टाने सिनेमात दिव्यांग व्यक्ती कशा दाखवाव्यात यावर मार्गदर्शक सूचना दिल्या, त्यांच्याशी बोलल्याशिवाय त्यांच्याबद्दल काही करू नका हे त्यातलं मुख्य सूत्र. वायलरला हे कोर्टाने सांगायची गरज पडली नव्हती.

आता या सिनेमाची दुसरी बाजू, आणि इथे मला जास्त वेळ थांबायचंय कारण सिनेमा माझा फार आवडता आहे आणि आवडत्या गोष्टीतली खोट सांगायला जीव जड होतो.

तिघांपैकी अल हा बँकेत साहेब आहे. परत आल्यावर त्याला सैनिकांच्या कर्जाचा विभाग देतात. १९४४ मध्ये तिकडे जीआय बिल नावाचा कायदा झाला होता, परतणाऱ्या सैनिकाला शिक्षण, घर, शेती, धंदा यासाठी सरकार मदत करणार. अलसमोर नोव्हाक नावाचा एक सैनिक येतो, नौदलाच्या बांधकाम तुकडीतला, त्याला ४० एकर जमीन घ्यायचीये आणि तारण ठेवायला त्याच्याकडे काही नाही. अल त्याचे हात बघतो, त्याच्याशी बोलतो, आणि कर्ज मंजूर करतो. वरचा साहेब रागावतो की तारण कुठाय. मग एका पार्टीत अल पिऊन उभा राहतो आणि तारणावर बोलतो, युद्धात टेकडी काबीज करा असा हुकूम आला तेव्हा आम्ही आधी तारण मागितलं असतं तर टेकडीही गेली असती आणि युद्धही. फार सुंदर सीन आहे, मी अनेकदा बघितलाय, आणि प्रत्येक वेळी बँकेतल्या खुर्चीवर माणुसकी असलेला कोणी बसला तर काय होऊ शकतं हे बघून बरं वाटतं.

पण त्या कायद्यात मेख होती ती नेमकी इथेच. सरकार फक्त हमी देणार होतं, पैसे बँकेने द्यायचे, म्हणजे द्यायचे की नाही हे खुर्चीवर बसलेला माणूस ठरवणार. मिसिसिपीचे खासदार जॉन रँकिन हे तो कायदा हाताळणाऱ्या संसदेतल्या समितीचे अध्यक्ष, सगळा कारभार स्थानिक पातळीवरच राहील याची त्यांनी काळजी घेतली. स्थानिक म्हणजे काय ते दक्षिणेतल्या काळ्या माणसाला सांगायला नको. १९४७ साली मिसिसिपीतल्या १३ शहरांची पाहणी झाली, सरकारी हमीवर दिलेली एकूण कर्जं ३,२२९ आणि त्यातली काळ्या सैनिकांना मिळालेली फक्त २. हा आकडा वाचल्यापासून मला तो सीन पूर्वीसारखा बघता येत नाही, कारण नोव्हाकच्या खुर्चीत काळा सैनिक बसवला की अलची खरी परीक्षा सुरू होते. नोव्हाक हे पूर्व युरोपातून आलेल्यांचं आडनाव, म्हणजे स्थलांतरितांच्या पोराला सिनेमाने जागा दिलीये, त्याचा विचार केलाय. आणि ४० एकरच का? अमेरिकेतलं यादवी युद्ध संपत आलं होतं तेव्हा, १८६५ मध्ये, गुलामीतून सुटलेल्या कुटुंबांना साउथ कॅरोलायना-जॉर्जियाच्या किनारपट्टीवर ४० एकरपर्यंत जमीन द्यायचा हुकूम निघाला होता आणि त्याच वर्षी तो फिरवला गेला. काळ्या अमेरिकन घरांत ‘४० एकर’ हे मोडलेल्या वचनाचं नाव आहे. लेखकाने हे मुद्दाम लिहिलं असेल असं मी म्हणत नाही. पण काळ्या माणसाने तो सीन बघितला असेल तेव्हा त्याला काय वाटलं असेल, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

दुसऱ्या महायुद्धात दहा लाखांहून जास्त काळ्या अमेरिकनांनी वर्दी घातली. सैन्यात त्यांच्या तुकड्या वेगळ्या, बराकी वेगळ्या, आणि हा प्रकार बंद करायचा हुकूम राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी काढला तो जुलै १९४८ मध्ये. सिनेमातलं बून सिटी हे काल्पनिक गाव आहे, अमेरिकेतलं कुठलंही गाव असू शकेल असं, आणि जवळपास तीन तासांच्या सिनेमात त्या गावात परत आलेल्या एकाही काळ्या सैनिकाची गोष्ट नाही. काळी माणसं दिसतात ती मागे, कामं करताना. कोणत्याही गावाची गोष्ट असं म्हणायचं आणि गावातली एक अख्खी वस्तीच नकाशावरून काढायची, तर ते कोणत्याही गावाची गोष्ट राहत नाही. आपल्याकडच्या कितीतरी ‘गावाच्या’ सिनेमांत वेशीबाहेरची वस्ती कुठे असते हे मराठी वाचकाला मी वेगळं सांगायची गरज नाही.

याच्यावर लोक लगेच म्हणतात, अगं त्या काळी असंच होतं, आजच्या फूटपट्टीने मोजू नकोस. ठीक आहे, त्याच काळाची फूटपट्टी घेऊ. १२ फेब्रुवारी १९४६, सार्जंट आयझॅक वुडार्ड, पॅसिफिकमधून परत आलेला, त्याच दिवशी सैन्यातून सन्मानाने मोकळा झालेला, अंगावर वर्दी, बसने साउथ कॅरोलायनात बायकोला भेटायला निघालाय. वाटेत लघवीला थांबवाल का म्हणून ड्रायव्हरला विचारलं, त्यावरून बोलाचाली झाली, आणि बेट्सबर्ग गावात ड्रायव्हरने पोलीस बोलावले. पोलीस प्रमुखाने दंडुक्याने इतकं मारलं, डोळ्यांत इतके घाव घातले की दोन्ही डोळे कायमचे गेले. रात्रभर कोठडीत ठेवलं. ट्रूमन यांच्यापर्यंत हे गेलं, सिनेमावाल्या ऑर्सन वेल्सने रेडिओवर आठवड्यामागून आठवडे हा विषय लावून धरला, देशभर गाजलं. खटला चालला, सगळी ज्युरी गोरी, अर्ध्या तासाच्या आत निकाल आणि पोलीस प्रमुख निर्दोष. तो दिवस होता ५ नोव्हेंबर १९४६. आणि २१ नोव्हेंबरला न्यूयॉर्कमध्ये ‘द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ज’ लागला, सोळा दिवसांनी. म्हणजे त्या काळी माहीत नव्हतं असं कोणीही म्हणू शकत नाही. घरी परतणारा सैनिक, शेवटचा थोडा रस्ता, घरात वाट बघणारी बाई, दोन्हीकडे गोष्ट एकच आहे, एक टॅक्सीत आणि एक बसमध्ये.

आणि वायलरला तर इतरांपेक्षा जास्तच माहीत होतं, हे मला सगळ्यात जास्त लागतं. फ्रान्स-जर्मनीच्या सीमेवरच्या अल्सासमध्ये जन्मलेला ज्यू माणूस, युद्धात स्वतः बॉम्बर विमानांत बसून शूटिंग केलं, इटलीवरच्या उड्डाणात बरंचसं ऐकू येणं गमावलं. (त्याच इटलीत तेव्हा आपली मराठा लाइट इन्फंट्री लढत होती, एप्रिल १९४५ मधल्या सेनियो नदीच्या लढाईसाठी नामदेव जाधवांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि तिथून सातारा-कोल्हापूर-नगरच्या खेड्यांत परतलेल्या माणसांचं पुढे काय झालं यावर आपण तरी कुठे सिनेमा केलाय.) १९४२ मध्ये काळ्या सैनिकांवर माहितीपट करायचं काम वायलरकडे आलं होतं, त्यासाठी तो दक्षिणेत फिरला, तिथे जे बघितलं त्याने हादरला आणि ते काम सोडून दिलं. पुढे तो माहितीपट दुसऱ्याने केला. वॉशिंग्टनमध्ये कोणी ज्यूंवर घाणेरडं बोललं म्हणून त्याने त्या माणसाला ठोसा मारला होता. असा माणूस. द्वेष त्याला दिसत नव्हता असं नाहीच. सिनेमातही औषधाच्या दुकानात एकजण येऊन म्हणतो की आपण चुकीच्या शत्रूशी लढलो, तेव्हा होमर त्याच्या अंगावर जातो आणि त्या दुकानात काम करणारा त्याचा मित्र, तिघांतला तिसरा, त्या माणसाला ठोसा मारून स्वतःची नोकरी घालवतो. राग आहे, धाडस आहे, पण तो राग वर्णाच्या रेषेपाशी येऊन थांबतो.

का थांबला हेही समजण्यासारखं आहे, दक्षिणेतली थिएटर्स होती, मेम्फिससारख्या शहरात सेन्सॉरवाले बरोबरीच्या नात्याने दाखवलेला काळा माणूस कापून टाकायचे, आणि पैसे वसूल व्हायचे होते. पण कारण समजलं म्हणजे हिशोब मिटला असं होत नाही. तीनच वर्षांनी, १९४९ मध्ये, ‘होम ऑफ द ब्रेव्ह’ आला, त्यात युद्धाने मन मोडलेला काळा सैनिक मुख्य भूमिकेत आहे, जेम्स एडवर्ड्सने केलाय. मूळ नाटकात ते पात्र ज्यू होतं, सिनेमा करताना काळं केलं. सिनेमा म्हणून तो वायलरच्या जवळपासही जात नाही, बराच भाषणबाजीचा आहे. पण करता येत होतं, एवढं त्यावरून कळतं.

मला कोणी विचारतं की मग काय, त्या तिघांत एक काळा घातला असता की झालं असतं? नसतं झालं. नुसता घातला असता, इतर दोघांसारखाच त्याच टॅक्सीत, त्याच बारमध्ये बसवला असता तर ते आणखी मोठं खोटं झालं असतं, कारण १९४६ च्या अमेरिकेत किती गावांत तो त्या बारमध्ये बसू शकला असता? रसेलला घेताना वायलरने होमरचं दुखणं बदललं, बेडरूमचा तो सीन त्याच्यामुळे तसा झाला. तेच इथे करावं लागलं असतं, बँकेचा सीन बदलावा लागला असता, अलचं भाषण त्या पार्टीत वेगळ्या शांततेत संपलं असतं. माणूस आणला की त्याच्या मागून त्याचा मोजा, त्याचं कर्ज, त्याची बस हे सगळं येतं, आणि ते येऊ देण्याची तयारी नसेल तर पोस्टरवर चेहरा वाढवून उपयोग नाही.

रसेलने १९९२ च्या ऑगस्टमध्ये त्याच्या दोन ऑस्करपैकी एक लिलावात विकलं, बायकोच्या औषधपाण्यासाठी, ६०,५०० डॉलर आले. त्यावर फार बोंब झाली की असं कसं विकलं. पुढच्याच महिन्यात न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये, माजी सैनिकांच्या हॉस्पिटलमध्ये, आयझॅक वुडार्ड वारला, ७३ वर्षांचा होता, त्यातली ४६ वर्षं अंधारात गेली. त्याचे डोळे गेले त्या बेट्सबर्गमध्ये २०१९ साली त्याच्या नावाची पाटी लावली. वर इंग्रजीत त्या रात्री काय झालं ते लिहिलंय, आणि खाली ब्रेलमध्ये.